जुनी जिप्सी लांबच्या पल्ल्यासाठी तयार करताना: पुणे ते लेह

पुण्याहून मनालीमार्गे लेहला जाऊन परत यायचं म्हणजे पाच हजार किलोमीटरच्या घरातला पल्ला. नवी गाडी साध्या सर्व्हिसिंगवर तो पार पाडते. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीचं गणित वेगळं असतं. तिचं इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतात ते रबरी पाइप, ऑइल सील, बेअरिंग, बुश आणि कुणीतरी कधीतरी टेप गुंडाळून जोडलेली वायर. पैसे आधी तिथे घाला. कॅरिअर, एलईडी बार, विंच ही यादी नंतरची, आणि तिच्यातल्या निम्म्या वस्तू बहुतेकांना लागतच नाहीत.

इथे उदाहरण मारुती जिप्सी किंगचं घेतलं आहे: १.३ लिटरचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (इंजेक्शनवालं) पेट्रोल इंजिन, लॅडर चॅसी, चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग), पुढे-मागे अखंड ॲक्सल. रचना साधी आहे आणि बरेचसे सुटे भाग नाना पेठेत किंवा ऑर्डर देऊन मिळतात. बोलेरो, जुनी थार किंवा एमएम ५४० असेल तरी कामाचा क्रम हाच. आकडे मात्र आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधले घ्या.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं असेल तर जूनच्या सुरुवातीला गाडी जॅकवर चढली पाहिजे. जुलै-ऑगस्टचा पाऊस चाचणीला आयता मिळतो. शेवटच्या तीन आठवड्यांत एकही नवा पार्ट बसवायचा नाही, ही अट मेकॅनिकला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. नवा पार्ट सदोष निघाला तर तो बहुधा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्येच कळतो, आणि ते किलोमीटर पुण्याच्या आसपास झालेले बरे.

आधी धुलाई, मग तपासणी

गाडी रॅम्पवर घेऊन खालून प्रेशरने धुवा. वर्षानुवर्षांचा चिखल आणि ग्रीसचा थर निघाल्याशिवाय गळती कुठून आहे ते कळत नाही. दोन दिवस गाडी चालवून पुन्हा खालून बघा. ताजा ओला डाग जिथे दिसेल तिथलं सील किंवा गॅस्केट यादीत लिहा.

मग चॅसी. छोटा हातोडा घेऊन दोन्ही बाजूंनी ठोकत जा. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, आतून गंजलेला बद्द वाजतो. पाट्याची शॅकल (पाट्याचं टोक धरणारी कडी) जिथे चॅसीला लागते ती जागा, मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचा माउंट आणि बॉडी माउंटच्या आजूबाजूचा भाग इथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक आत गेलं तर बाकी सगळी कामं थांबवा. आधी पत्रा कापून वेल्डिंग, मग पुढचं. गाडीने कोकणात काही वर्षं काढली असतील तर ही तपासणी दुप्पट काळजीने करा. नुसता काळा अंडरकोट मारून गंज झाकणारे कमी नाहीत.

एक वही ठेवा. कोणता पार्ट, कोणत्या किलोमीटरला, कोणत्या कंपनीचा आणि कुणी बसवला, एवढं त्यात हवं. रस्त्यात परका मिस्त्री गाडी उघडेल तेव्हा त्याचे दोन तास यामुळे वाचतात.

कागदपत्रं

खासगी गाडीला १५ वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण, फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर हे सगळं पुढच्या ५ वर्षांसाठी करून घ्यावं लागतं. आरटीओत वेळ जातो, म्हणून हे काम जूनमध्येच लावा. पीयूसी निघायच्या आठवड्यात नवी काढा. दिल्ली आणि राजधानी परिसरात जुन्या गाड्यांवरचे निर्बंध वारंवार बदलतात. त्या भागात न शिरता उदयपूर, जोधपूर, बिकानेर, भटिंडा अशी पश्चिमेची वाट धरली तर डोक्याला ताप राहत नाही.

बुल बार लावू नका. डिसेंबर २०१७ पासून त्यावर केंद्राची बंदी आहे, आणि धडकेचा झटका तो थेट चॅसीवर नेतो. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारे बदल चालत नाहीत. इंजिन बदललेली किंवा फार उंच केलेली गाडी असेल तर वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर हा विषय निघू शकतो.

इंजिन आणि त्याचा थंडावा

पहिलं काम कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. एकूण आकड्याइतकाच त्यांच्यातला फरक बोलका असतो. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांचा. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हे निदान जूनमध्ये झालं तर हेड उतरवायला वेळ हाताशी असतो.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची खात्रीशीर नोंद नसेल तर बदलायचाच. सोबत टेन्शनर, कॅम आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील आणि वॉटर पंपही बदला, कारण जिप्सीत वॉटर पंप काढायचा तर टायमिंग बेल्ट उघडावाच लागतो. मजुरी एकदाच पडते. क्रँक पुलीचा मधला बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळून घ्या. तो किंचित सैल राहिला तर पुलीच्या चावीची खाच (की-वे) झिजते, टायमिंग सरकतं आणि दुरुस्ती थेट क्रँकशाफ्टपर्यंत जाते.

रेडिएटर हा जुन्या गाडीचा खरा शत्रू, कारण पुण्यात कित्येक गाड्यांमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं असतं. त्यातला क्षार नळ्यांत साचतो. तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. ॲल्युमिनियमचा असेल तर रॉडिंग करत बसू नका, नवा कोअर घ्या. वरचा, खालचा आणि हीटरचा असे सगळे होस बदला. हीटरचा होस सगळे विसरतात, आणि पुण्यात बंद करून ठेवलेला हीटर लेहला चालू केला की तोच फुटतो. थर्मोस्टॅट जुन्या पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून तपासा. त्याच्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणारे मेकॅनिक अजून आहेत. थंड प्रदेशात अशी गाडी नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पिते आणि हीटरही कोमट राहतो.

सिस्टिममध्ये सुमारे ५ लिटर मावतं. निम्मं एथिलीन ग्लायकॉलचं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. रेडिएटर कॅपही नवी घ्या, आणि तिच्यावरचा दाबाचा आकडा जुन्या कॅपशी जुळवून घ्या. कारण साधं आहे. पाच हजार मीटरवर उघडं पाणी साधारण ८३ अंशांना उकळतं. ०.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटरची कॅप दाब धरून ठेवते म्हणून कूलंट उकळायला वीस-एक अंश जास्त लागतात. स्प्रिंग मेलेली कॅप पुण्यात चालून जाते, बारालाचा ला ही खिंड चढताना नाही.

चढावर इंजिनची ताकद घटते तीही धरून चाला. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. टांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे, म्हणजे तिथे जिप्सीची निम्मीच ताकद उरते. म्हणून लो रेंज (फोर-व्हीलमधले जादा ताकदीचे खालचे गिअर) नीट लागते की नाही हे चिखलाइतकंच चढासाठीही महत्त्वाचं.

पेट्रोलची लाइन

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. टाकीपासून इंजिनपर्यंतचा रबराचा प्रत्येक तुकडा बदला आणि दुकानात इंजेक्शनच्या दाबाला चालणारा, जे३० आर९ दर्जाचा होस मागा. क्लॅम्पही इंजेक्शनचे गुळगुळीत कडेचे घ्या. पट्टीला खाचा असलेले साधे क्लॅम्प रबर कापतात. टाकी उतरवून आतून बघा. इथेनॉल जुना गाळ सोडवतं आणि पाणी धरून ठेवतं, त्यामुळे टाकीत गंज असेल तर नवा फिल्टरही लवकर तुंबतो. सोबत दोन जादा फिल्टर ठेवा.

जिप्सीची टाकी ४० लिटरची. सामान भरलेली गाडी घाटात ८ ते १० किलोमीटर देते, म्हणजे पल्ला ३२० ते ४०० किलोमीटर. लाहौलमधलं टांडी सोडलं की साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर पंप नाही असंच धरायचं. २० लिटरचा लोखंडी जेरीकॅन एक, आतमध्ये पट्ट्याने आवळून. छतावर नाही, मागच्या बंपरवरही नाही.

डिझेल गाडीवाल्यांनी वॉटर सेपरेटर रोज सकाळी सोडावा, आणि टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या होसची आतली बाजू हाताने दाबून बघावी. बाहेरून नवा दिसणारा होस आतून सुटलेला असतो.

ऑइल आणि ब्रीदर

इंजिन ऑइल सगळे बदलतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी), पुढचा आणि मागचा डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा ॲक्सलमधला गिअरसंच) ही चार ठिकाणं मात्र कित्येक गाड्यांत दहा-दहा वर्षं कुणी उघडलेली नसतात. जिप्सीला सुमारे लागणारं प्रमाण असं: गिअरबॉक्स १.३ लिटर, ट्रान्सफर केस ०.८, पुढचा डिफरन्शियल २, मागचा १.५. म्हणजे सहा लिटर आणा, थोडं उरेल ते सोबत न्या. गिअरबॉक्सला जीएल-४ आणि डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल घ्या. जीएल-५ मधली काही रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.

क्रम महत्त्वाचा. आधी भरायचा प्लग सैल करा, मगच ड्रेन प्लगला हात लावा. ऑइल सोडून दिलं आणि भरायचा प्लग जाम निघाला की गाडी जागेवर अडकते. ड्रेन प्लगवर राखाडी लोण्यासारखा लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे असतील तर क्राउन-पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गिअर) किंवा बेअरिंग उघडून बघावं लागेल. ऑइल दुधट चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय.

पाणी जातं कुठून, ते समजून घ्या, कारण इथे बहुतेक नवखे चुकतात. प्रत्येक ॲक्सलच्या वर एक छोटी ब्रीदरची टोपी असते. गाडी तासभर पळाली की आतली हवा तापून फुगते आणि तिथून बाहेर पडते. मग समोर नाला येतो. तापलेला ॲक्सल बर्फाच्या पाण्यात शिरतो, आतली हवा झटक्यात आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. टोपी पाण्याखाली असेल तर पाणी तिथून आत जातं. मातीने बुजलेली असेल तर ॲक्सलच्या टोकाच्या ऑइल सीलमधून जातं. सील नवं असूनही ऑइल दुधट होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. उलट बाजूने, बुजलेल्या ब्रीदरमुळे आतला दाब वाढून तेच सील बाहेर ऑइल फेकतं, आणि मागच्या चाकात ते थेट ब्रेक लायनरवर पडतं.

उपाय स्वस्त आहे. टोपी काढून तिथे नळीचं नोझल बसवा, ऑइलला चालणारी ८ मिलिमीटरची नळी लावून ती इंजिनच्या खोलीत फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) उंच न्या आणि टोकाला छोटा फिल्टर द्या. पाटा पूर्ण दबताना आणि सुटताना ॲक्सल वर-खाली होतो, म्हणून तिथे नळीला ढिला वळसा ठेवा. ताणून बांधली तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात निघेल. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर कुठे उघडतात तेही बघून घ्या.

पुढचा ॲक्सल

जिप्सीत सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गाडी जॅकवर घेऊन खाली पक्के स्टँड लावा. चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खेळ लागला तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंग पिनच्या (चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं तिच्या) बेअरिंगचा. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. तिथला खेळ टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक किंवा स्टिअरिंग बॉक्सचा. एकाने चाक हलवायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक जॉइंटवर बोट ठेवायचं; डोळ्याला न दिसणारी खटखट बोटाला कळते.

पन्नास-साठच्या वेगात खड्डा लागल्यावर स्टिअरिंग थडथडायला लागतं आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय थांबत नाही, ही जुन्या जिप्सीची नेहमीची तक्रार. अनेक जण आधी स्टिअरिंग डॅम्पर बदलतात. त्याने महिना-दोन महिने आजार दबतो. किंग पिन बेअरिंग, टाय रॉड एंड आणि टायरचं बॅलन्सिंग या क्रमाने बघा, डॅम्पर शेवटी. स्टिअरिंग बॉक्सचा वरचा स्क्रू आवळून खेळ काढायचा मोह टाळा. जास्त आवळला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि बॉक्स मधोमध झिजतो.

हब उघडलेच आहेत तर बेअरिंग, त्यांचे कप (बाहेरच्या रिंगा) आणि सील एकत्रच बदला. कप जुना आणि बेअरिंग नवं असं कधीच नाही. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने दाबत राहा, पलीकडून रोलरांच्या मधून ते वर येईपर्यंत. आतला नट आधी घट्ट आवळा, चाक दोन्ही दिशांना पंधरा-वीस वेळा फिरवा, नट पूर्ण सैल करा आणि मग मॅन्युअलमधल्या हलक्या टॉर्कला आवळून लॉक करा. हा मधला सैल करण्याचा टप्पा गाळला की बेअरिंग कायम दाबाखाली राहतं आणि हायवेवर तापून जातं.

नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) गोळ्यामागून काळं, पातळ ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला ओघळत असेल तर डिफरन्शियलचं ऑइल आतलं सील ओलांडून ग्रीसमध्ये मिसळलंय. अशा वेळी फक्त बाहेरचं सील बदलून भागत नाही. गोळा उघडून, सीव्ही जॉइंट धुऊन, मॉलिब्डेनमवालं ग्रीस भरा आणि आतलं-बाहेरचं दोन्ही सील नवं घाला.

शाफ्ट आणि ट्रान्सफर केस

जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी आहे, त्यामुळे ताकद ॲक्सलकडे नेणारे प्रोपेलर शाफ्ट तीन आणि त्यांच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, सहा. क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून सुया झिजायला लागल्यात. क्लच सोडताना ‘टक्’ आवाज येतो तोही बहुधा इथलाच. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर आणि दोन्ही भागांवर पांढऱ्या पेंटची रेघ ओढा. एक दात चुकवून बसवला तर नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरते.

ट्रान्सफर केस रबरी माउंटवर लटकलेली असते. रबर चिरलं की ती वळते, आणि फोर-व्हील लावल्यावर लिव्हर आपोआप न्यूट्रलला येतो. गिअरचा दोष समजून केस उघडण्याआधी माउंट बघा. फोर-व्हील महिन्यातून एकदा तरी ओल्या मातीत लावा. कोरड्या डांबरावर लावू नका: वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये तो फरक सोसणारा डिफरन्शियल नाही, आणि सगळा पीळ शाफ्टांवर येतो. हब लॉक (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारी कुलपं) असतील तर दोन्ही बाजूंचे लागतात आणि सुटतात का ते चाक हाताने फिरवून तपासा.

पाटे

पाटे उतरवून, तारेच्या ब्रशने घासून एकेक पान बघा. तडा बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी किंवा दुसऱ्या पानाच्या टोकाजवळ असतो. बुश नवे घाला. शॅकल आणि हँगरचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली टेकताच बुश पिळले जातात आणि थोड्याच दिवसांत फाटतात. यू-बोल्ट नवे घ्या, जुने ताणलेले असतात. सामानासाठी मागे एक जादा पान पुरतं. चार-चार इंच उंच करण्याच्या भानगडीत पडलात तर शाफ्टचा कोन, ब्रेकचा होस आणि स्टिअरिंगची भूमिती सगळंच नव्याने जुळवावं लागेल.

ब्रेक आणि टायर

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर १४० ला. लांब उतारावर पेडल अचानक खाली जातं त्याचं कारण हेच. सगळं काढून नवं डॉट ४ भरा. ब्रेकचे सगळे रबरी होस बदला, मागचे व्हील सिलिंडर रबर उलटून बघा. उंचावर हवा विरळ असल्याने व्हॅक्यूम बूस्टरची मदत घटते आणि पेडल कडक लागतं. तो बिघाड नाही. उतार मात्र खालच्या गिअरमध्येच उतरायचा.

टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. ‘१८२२’ म्हणजे २०२२ चा अठरावा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी नको. पुण्यातून पाच हजार मीटरवर गेलं की बाहेरचा दाब कमी झाल्याने गेजवर कागदोपत्री सहा-एक पीएसआय वाढतात, थंडीने त्यातले काही कमी होतात. म्हणून हवा रोज सकाळी, चाकं थंड असताना तपासा.

वायरिंग

मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट. हेडलाइट लावून थोड्या वाढीव आरपीएमवर १३.८ ते १४.४. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीय. तासन्‌तास बॅटरी, सेल्फ, डायनॅमो बदलत बसण्याआधी ही पट्टी बदला. हेडलाइटला रिले लावा. बाकी जोडलेली प्रत्येक जादा वायर शोधून काढून टाका. जी ठेवाल तिला बॅटरीपाशीच फ्यूज हवा.

सामान, सुटे भाग, हत्यारं

सगळं भरून, माणसं बसवून गाडी वजनकाट्यावर न्या. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात काटे भरपूर आहेत. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगळा मोजा. मॅन्युअलमधल्या कमाल वजनाच्या वर गेलात तर सामान उतरवा, पाटे वाढवू नका. छतावर फक्त हलकं.

सोबत न्यायचं ते असं:

- पुढच्या हबचा एक पूर्ण बेअरिंग-सील संच, आणि हबच्या नटाचा मोठा बॉक्स पाना. हा पाना वाटेत सहजी मिळत नाही
- दोन क्रॉस, एक टाय रॉड एंड, दोन सेंटर बोल्ट, दोन यू-बोल्ट
- क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल
- फॅन बेल्ट, रेडिएटरचे दोन्ही होस, २ मीटर पेट्रोल होस, क्लॅम्प
- गाडीतला पेट्रोल पंप (टाकीतून इंजिनला पेट्रोल ढकलणारा) एक, फिल्टर दोन, प्लग चार, रिले आणि फ्यूज
- इंजिन ऑइल २ लिटर, उरलेलं गिअर ऑइल, कूलंट २ लिटर, ब्रेक ऑइल अर्धा लिटर
- एम-सील, बाइंडिंग वायर, एक ट्यूब, पंक्चर किट, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर
- जॅक आणि त्याखाली ठेवायला जाड फळी

जुन्या गाडीतून काढलेले पण चालू असलेले बेल्ट आणि केबल फेकू नका, तेच स्पेअर म्हणून चालतात. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पाने, टॉमी, सॉकेट जरूर घ्या. बेअरिंग आणि ब्रेकचे पार्ट तिथून नकोत.

ओढण्यासाठी पुढे-मागे चॅसीला बोल्ट केलेले हुक, वजनाचा आकडा कोरलेले दोन डी-शॅकल आणि एक पट्टा. बंपरला किंवा ॲक्सलला पट्टा बांधून झटका देऊ नका.

चाचण्या

पहिली सिंहगडावर: डोणज्यापासून वरपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये, शनिवार-रविवार सोडून. तापमानाचा काटा आणि होसचे जोड बघा. दुसरी सगळ्या वजनासह: ताम्हिणीतून माणगाव, महाड आणि परत, अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. वरंधा पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो. चालू असेल तर येताना भोरमार्गे या. या पावसात फायरवॉलमधून पाणी कुठे गळतं, वायपर कधी अडखळतो, फ्यूज बॉक्स ओला होतो का, सगळं कळतं. तिसरी कोल्हापूरपर्यंत जाऊन-येऊन, ऐंशीच्या स्थिर वेगात. घाटात न दिसणारी थरथर इथे दिसते.

प्रत्येक चाचणीनंतर यू-बोल्ट, शाफ्टचे फ्लँज बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा. नवे यू-बोल्ट पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये थोडे बसतात, आणि सैल राहिले तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकतो. मनालीला पोहोचल्यावर पुन्हा एकदा.

प्रवासात दिवसातून दोन-तीनदा, हायवेवर चहाला थांबलात की, लगेच चारही हबजवळ हाताची मागची बाजू आधी जवळ नेऊन, मग लावून बघा. चारही सारखे कोमट असतील तर ठीक. एकच जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग आवळलेलं आहे. चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा: अडखळत फिरलं आणि ब्रेकच्या ब्लीडरमधून थोडं ऑइल सोडल्यावर मोकळं झालं तर दोष बहुधा होसचा. तरीही खरखरत असेल तर हब तिथेच उघडा, पुढच्या गावाची वाट बघू नका.